बंद पेटीतली हवा

माझी नोकरीच संशयाची होती. विक्रोळीच्या एका कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासायच्या खात्यात मी होतो. पुरवठादाराने पाठवलेल्या खोक्यातला वरचा थर नेहमी चांगला असतो, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं आणि तेव्हापासून मी प्रत्येक गोष्ट खालच्या थरापासून बघायला लागलो. पास मालावर हिरवा ठिपका द्यायचा, नापास मालावर लाल. माझी लाल रंगाची डबी इतरांच्या आधी संपायची आणि त्याचा मला अभिमान होता. घरी बायको म्हणायची, "कोथिंबिरीची जुडी सोडून आतून बघणारा नवरा अख्ख्या घाटकोपरात मलाच मिळाला." मी म्हणायचो, आत चिखल निघाला की नाही ते सांग. चिखल बहुतेक वेळा निघायचाच.

कारखान्याबाहेर मी बेस गिटार वाजवायचो. ऐंशीच्या दशकात उपनगरांत ऑर्केस्ट्रांना तोटा नव्हता. आमचा मधल्या फळीतला, गणपती, नवरात्र, सत्यनारायण आणि एखाद्या कारखान्याचं स्नेहसंमेलन यांवर चालणारा. रविवारी सकाळी मुलुंडच्या एका शाळेत बाकं भिंतीला सारून तालीम व्हायची. बेस वाजवणारा माणूस मागे, ड्रमच्या शेजारी उभा असतो. लोकांना तो दिसत नाही, ऐकू आला तरी काय ऐकू येतंय हे त्यांना सांगता येत नाही. तो थांबला की मात्र गाणं पोकळ लागतं. मला ही जागा मनापासून आवडायची. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसाला तेवढे दोन-तीन तास कुणाच्या तरी पाठीशी उभं राहायला मिळायचं.

ही जागा त्या वर्षी जाणार होती. ऑर्केस्ट्राचे मालक स्वतः गायचे आणि निवेदनही करायचे. त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो. त्यांनी पावसाळ्याच्या सुरुवातीला नवा कीबोर्ड आणला. त्याच्या डाव्या हाताच्या पट्ट्यांतून बेसचा आवाज निघायचा. तालमीत त्यांनी तो सगळ्यांना ऐकवला आणि मला बाजूला घेतलं.

"हे बघ, तुझ्यावर राग नाही. पण मैदानात तुझा बेस ऐकूच येत नाही रे. नुसता ढबढबाट. ह्यात डाव्या हातानं काम होतंय, तर वेगळा माणूस कशाला?"

"बॉक्स खराब आहे, भाऊ. मी चांगला बॉक्स करून घेतो."

"नवरात्रापर्यंत बघतो," ते म्हणाले.

मी खोटं बोललो नव्हतो. मी वाजवायचो तो बॉक्स मंडळांच्या लाउडस्पीकरवाल्याकडचा, पुढच्या फळीला ताटलीएवढं भोक असलेला. बंद खोलीत तो झकास वाजायचा. पण मैदानात पिंपांवर फळ्या टाकून स्टेज करतात, ते स्टेजच मुळी पोकळ. भोकातून येणारी हवा आणि खालच्या फळ्या मिळून असा काही घुमारा धरायच्या, की मी कुठला सूर वाजवतोय ते मलाच कळायचं नाही. त्यावर उपाय सगळ्या बाजूंनी बंद असलेला बॉक्स. त्यात हवा आत कोंडलेली राहते आणि स्पीकरच्या पडद्याला मागून आवरून धरते. आवाज जरा कमी पडतो, पण सूर वाजला की वाजतो आणि थांबवला की थांबतो. फक्त एक अट, बॉक्सला कुठेही सुईएवढीसुद्धा फट नको.

माझी पंचाईत इथेच होती. बंद बॉक्स निवडायचा म्हणजे आत न बघता निवडायचा.

अंधेरीला हॉटेलात वाजवणारा एक वयस्कर गिटारिस्ट आपला परदेशी बंद बॉक्स विकायला काढणार होता. मी गेलो. त्याने चहा दिला, वर बिस्किटं. विकणारा माणूस बिस्किटं का देतो, हा पहिला प्रश्न माझ्या मनात आला. बॉक्सवर कंपनीची धातूची पट्टी होती, पण पट्टी जुनी आणि तिचे खिळे नवे. आवाज मात्र असा होता, की मी तार सोडून नुसता उभा राहिलो. तरीही मी विचारलंच, "मागची फळी काढून बघू का?"

"खोलने का नहीं, बाबा," तो हसून म्हणाला. "सील्ड है. पंधरा साल में मैंने नहीं खोला."

पंधरा वर्षं आत काय चाललंय हे ज्याला स्वतःला ठाऊक नाही, त्याच्याकडून वस्तू घ्यायची? मी नमस्कार करून निघालो. बसमध्ये बसल्यावर तो आवाज कानात घोळत राहिला आणि मी स्वतःला समजावत राहिलो, की वरून कीर्तन आतून तमाशा असणार.

मग मी आमच्याच भटवाडीतल्या म्हाताऱ्या सुताराकडे गेलो. तो मालवणकडचा, गिरणीच्या सुतारखात्यात उमेदीची सगळी वर्षं घालवलेला. गिरणी बंद पडून तीन-चार वर्षं झाली होती. डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याची शेड टाकून तो लाउडस्पीकरवाल्यांचे बॉक्स दुरुस्त करायचा. आम्ही त्याला काका म्हणायचो. त्याला मी सगळं सांगितलं. नवरात्रापर्यंतची मुदत सांगितली, कीबोर्डचं सांगितलं, आणि हेही सांगितलं की माझा बॉक्स चांगला निघाला तर भाऊ गायकांसाठी चार बॉक्स करून घेणार आहेत. भाऊंनी ते खरंच कबूल केलं होतं.

काकांनी रंधा खाली ठेवला. "म्हणजे तुझी जागा वाचवूची आसा."

"हो."

"मगे घाई करू नको."

त्यांनी तीन आठवडे घेतले. मी एक दिवसाआड शेडवर चक्कर मारायचो. प्लायवुडच्या कडेचे थर मोजायचो, सरसाचा वास घ्यायचो, फळी नखाने खरवडून बघायचो. ते बघायचे आणि रंधा मारत राहायचे. शेवटच्या आठवड्यात त्यांनी निरोप पाठवला, "बंद करूच्या आधी येवन बघून जा."

आता माझं डोकं कसं चालायचं ते सांगतो, म्हणजे पुढचं नवल वाटणार नाही. आपणहून बघायला बोलावतोय, म्हणजे दाखवण्यापुरतं नीट करून ठेवलं असणार, असं मला वाटलं. कारखान्यात पुरवठादार असंच करायचे. तपासणीला या म्हणून फोन करायचे आणि त्या दिवशी सगळा माल चकचकीत असायचा. मी मुद्दाम गेलो नाही. दोन दिवसांनी गेलो, तर पेटी बंद झाली होती.

पेटी देखणी होती, हे मान्य करायला हवं. कमरेएवढी उंच, काळ्या रेक्झिनची, पुढे पंधरा इंची स्पीकर. मागच्या फळीला चारी कडांनी मिळून अठरा स्क्रू. काकांनी मला गिटार जोडायला सांगितली.

"वाजव. जाडी तार. थांबू नको."

मी वाजवत राहिलो आणि त्यांनी एक अगरबत्ती पेटवली. ती घेऊन ते पेटीभोवती अगदी सावकाश फिरले. फळीच्या कडेकडेने, कोपऱ्यांवर, स्क्रूंवरून. डोळे बारीक करून धुराकडे बघत होते. मला हसू आलं. गिऱ्हाइकासमोर पूजा, म्हणजे लबाडी लपवायला देव आणला, असं मी मनात म्हटलं. त्यांच्या हातात हळदीकुंकू असतं तर तेही मी तपासून बघितलं असतं.

"आत काय भरलंत, काका?" मी विचारलं.

"हवा," ते म्हणाले. "ती भायर जावक नये, येवढीच सगळी मेहनत. पेटी उघडूची झाली तर माझ्याकडे घेवन ये."

हे शेवटचं वाक्य मी घरी घेऊन आलो. पेटीपेक्षा तेच जड होतं. उघडू नको असं अंधेरीवालाही म्हणाला होता. पेटी घरात येऊन चार दिवस झाले आणि मी येता-जाता तिच्यावर टकटक करायला लागलो. चांगल्या फळीवर बोट मारलं की टणटणीत आवाज येतो. ही थप्प वाजायची, जसं काही आत पोतं भरलंय. आणि वजन किती. दोन माणसांनी उचलताना कंबर मोडायची. आत जुन्या फळकुटांची भर असणार, वरची फळी तेवढी नवी.

"त्या पेटीला जरा झोपू द्या," बायको म्हणाली. "ती काय पळून जाते?"

रविवारी ती माहेरी गेली. दुपारी मी पेटी पालथी घातली आणि कारखान्यातून आणलेल्या स्क्रूड्रायव्हरने अठराच्या अठरा स्क्रू काढले. फळी निघताना चिकटपट्टी ओढावी तसा चर्र आवाज झाला. आत गादीचा पिंजलेला कापूस भिंतींना लावलेला होता. झालं, म्हटलं, सापडला. कापूस कोंबून पोकळपणा लपवलाय. मी अर्धा कापूस उपसून काढला. त्याखाली फळ्याच होत्या, जाड, नव्या, आडव्या पट्ट्यांनी घट्ट बांधलेल्या. सांध्यांतून सरस नीट भरलेला. एकही जुनं फळकूट नाही. माझी निराशा झाली, हे लिहायला लाज वाटते, पण झाली.

मग मला चौकटीच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी दिसली, चारी बाजूंनी चिकटवलेली. नव्या पेटीत जुनी ट्यूब? खाली फळी तडकली असणार आणि वरून हे ठिगळ लावलं असणार. मी एका बाजूची पट्टी सोलून काढली. खाली लाकूड गुळगुळीत होतं. पट्टी मात्र दोन ठिकाणी फाटली. मी ती होती तशी दाबून बसवली, कापूस आत ढकलला, स्क्रू गच्च पिळले आणि बायको यायच्या आत पेटी सरळ उभी केली. मन शांत झालं होतं. माल पास. मी चहासुद्धा केला.

गणपतीत बोरिवलीला एका मोठ्या मंडळाचा कार्यक्रम होता. संध्याकाळी मैदान भरलं, पहिलं गाणं सुरू झालं, मी खालची तार छेडली आणि पेटीने मागून फुस्स केलं. मला वाटलं, कुणाचा तरी पाय वायरवर पडला. दुसऱ्या ओळीला पुन्हा फुस्स. आवाज जरा वाढवला तर प्रत्येक सुरामागे पंक्चर चाकासारखं फुसफुसायला लागलं आणि वर मूळचा ढबढबाट होताच, कारण कोंडलेली हवा कोंडलेली राहिलीच नव्हती. ड्रमवाला माझ्याकडे बघून हसला. तिसऱ्या गाण्याला भाऊंनी गाता गाताच मला हाताने खूण केली, बंद कर. पुढच्या सगळ्या कार्यक्रमात बेस कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने वाजवला. मी गिटार गळ्यात अडकवून तारांवर खोटी बोटं फिरवत उभा राहिलो, आणि प्रेक्षकांतल्या कुणालाही फरक कळला नाही.

कार्यक्रम संपल्यावर भाऊ आले. सगळे वायरी गुंडाळत होते.

"हा चांगला बॉक्स?"

"सुतारानं फसवलं, भाऊ." उचलली जीभ लावली टाळ्याला. "वरून चकाचक आणि आत फटी. ओळखीचा म्हणून विश्वास ठेवला."

भाऊंनी मान हलवली. त्यांचा राग माझ्यावरून सरकून दुसरीकडे गेला, ते मला स्पष्ट दिसलं आणि बरं वाटलं. "बरं झालं आधी कळलं. मी चार बॉक्स त्यालाच देणार होतो. जाऊ दे. तू दुसऱ्या कुणाकडून करून घे. नवरात्रात पार्ल्याच्या हॉलमध्ये आहे, तिथे बघू. शेवटचं हां."

मला आणखी एक संधी मिळाली होती. ती काकांच्या नावावर मिळाली होती, हे तेव्हा मला टोचलंसुद्धा नाही, कारण मी म्हणालो ते मला खरंच वाटत होतं; मी उघडून बघितलं तेव्हा एखादी फट माझ्या नजरेतून सुटली असणार.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून पेटी घेऊन मी शेडवर गेलो. वाटेत भांडणाची सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. काकांनी ती सगळी ऐकून घेतली. मग गिटार जोडायला सांगितली आणि अगरबत्ती पेटवली.

"पूजा पुरे, काका," मी म्हणालो.

"वाजव," ते म्हणाले.

मी जाड तार वाजवली. धूर सरळ वर जात होता. डाव्या कडेवर सरळ, वरच्या कडेवर सरळ. उजव्या कडेवर मधोमध तो एकदम मोडला, फुंकर मारल्यासारखा. काकांनी अगरबत्ती थोडी वर नेली, पुन्हा तिथेच आणली. पुन्हा मोडला. ती पूजा नव्हती. ते फट शोधत होते. मी कारखान्यात रोज जे करायचो तेच ते माझ्यासमोर करत होते, आणि पहिल्या दिवशीही तेच केलं होतं.

ते खाली वाकले आणि स्क्रूंकडे बघू लागले. बराच वेळ बघत होते. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरची खाच वेगळ्याच दिशेला गेली होती, एक आडवी, एक तिरकी.

"ह्यो स्क्रू माझो न्हय," ते एकावर बोट ठेवून म्हणाले. मग दुसऱ्यावर. "ह्यो पण न्हय. माझे उभे आसतत. अठराय उभे."

मी तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं. कोपऱ्यातल्या दुसऱ्या एका बॉक्सकडे मी बघितलं, तर त्याच्या प्रत्येक स्क्रूची खाच शिपायासारखी उभी होती. मी इतकी टकटक केली, नखं घासली, थर मोजले, पण डोळ्यांसमोरची ही खूण मला दिसली नव्हती. माझ्याच धंद्यातली खूण. कुणी हात लावला की कळावं म्हणून केलेली.

"कोणी उघडल्यान?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणालो. त्यांनी मागची फळी काढली, फाटलेली पट्टी पाहिली, ढकललेला कापूस पाहिला. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "मी तुका बघूक बोलावलं होतंय."

बस, एवढंच. कापूस पुन्हा पिंजून त्यांनी भिंतींना लावला. नवी ट्यूब कापून चिकटवली. ती आत हवा धरून ठेवायला असते, हे मी न विचारताच कळलं. स्क्रू पिळून झाल्यावर प्रत्येकाची खाच त्यांनी उभी आणून सोडली. निघताना त्यांनी शेडच्या भिंतीकडे हात केला. तिथे कापलेल्या फळ्यांचे चार गठ्ठे सुतळीने बांधून उभे केले होते.

"तुझ्या मालकाच्या पेट्यांच्या. कापून ठेवलंय. तो कधी येतलो?"

तेव्हा सांगायला हवं होतं. "येतील," मी म्हणालो, आणि काहीतरी द्यायचं म्हणून खिशातला पार्ल्याच्या कार्यक्रमाचा पास त्यांच्या हातात ठेवला. ते येणार नाहीत अशी माझी खात्री होती.

मी ठरवलं होतं, की कार्यक्रमाच्या आधी भाऊंना खरं सांगायचं. पण काय सांगणार होतो? की चांगल्या बॉक्सची मी स्वतः वाट लावली, मग सगळ्यांसमोर म्हाताऱ्यावर ढकललं, आणि तरी माझ्यावर विश्वास ठेवा? कीबोर्ड समोर तयार होता. हॉलमध्ये आवाज तपासताना मी एकच सूर लावला आणि भाऊ गायचे थांबले. तो सूर खुर्च्यांपर्यंत गेला आणि मी बोट उचलताच थांबला.

"वा. हा बेस," भाऊ म्हणाले. "बदललास ना सुतार?"

"हो," मी म्हणालो. काळ्या रेक्झिनचे बॉक्स सगळे सारखेच दिसतात. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. त्या क्षणापासून मी दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत होतो.

मध्यंतरात काका स्टेजच्या मागे आले. धुतलेला पांढरा सदरा, केसांना तेल. माझ्याकडे न बघता ते थेट पेटीकडे गेले आणि मागे वाकून स्क्रू बघू लागले. भाऊंचं तिकडे लक्ष गेलं.

"ओ काका, हात नका लावू. आताच नवीन करून घेतलाय. आधी एका सुतारानं ह्याला टोपी घातली होती, बोरिवलीला सगळ्यांसमोर तोंडघशी पडला बिचारा." मग माझ्याकडे वळून, "तुझ्या ओळखीचे का रे?"

काका सरळ झाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी जागा जाणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी एक वाक्य उच्चारलं असतं तर त्यांचे चार बॉक्स परत आले असते आणि मी त्याच संध्याकाळी घरी गेलो असतो. मीही एक वाक्य उच्चारू शकलो असतो. मी वाकून गिटारची वायर तपासायला लागलो.

"शेजारी आसंय मी ह्याचो," काका भाऊंना म्हणाले. मग मला म्हणाले, "बरी वाजता." आणि बाहेर जाऊन आपल्या खुर्चीवर बसले. शेवटच्या गाण्यापर्यंत बसले होते.

माझी जागा राहिली. पुढची दोन वर्षं मी त्या पेटीतून वाजवलं. नंतर सगळ्याच ऑर्केस्ट्रांनी बेसवाले काढले आणि मीही निघालो, तेव्हा मला फारसं वाईट वाटलं नाही. गायकांचे चार बॉक्स भाऊंनी दुसरीकडून करून घेतले. ते फार काही चांगले नव्हते. मी ते तपासले होते आणि ठीक आहेत म्हणून सांगितलं होतं.

त्या दिवाळीत मी फराळाचा डबा घेऊन शेडवर गेलो. भिंतीला फळ्यांचे चार गठ्ठे तसेच बांधलेले होते. काकांनी डबा घेतला, दुसऱ्या डब्यात ओतून घेतला आणि माझा पुसून परत दिला.

"गिटार चालू आसा मां?"

"आहे, काका."

"मगे बरा," ते म्हणाले आणि रंधा उचलला. मी दारात बराच वेळ उभा होतो. त्यांनी एक शिवी दिली असती तर मी सुटलो असतो.